खोकल्याची सवय होत नसते

दिवाळी सरली की मुंबईच्या उपनगरांत एक वाक्य जागोजागी ऐकू येतं. अंधेरीच्या फलाटावर, मुलुंडच्या सोसायटीच्या सभेत, घाटकोपरच्या दवाखान्यातल्या बाकावर, बोरिवलीत शाळेच्या फाटकाशी लोक एकमेकांना सांगत असतात, ‘हल्ली हवाच तशी आहे हो, सगळ्यांनाच खोकला आहे.’ वाक्य तक्रारीच्या सुरात सुरू होतं आणि समजुतीच्या सुरात संपतं. सगळ्यांना आहे, तेव्हा घाबरायचं कारण नाही. हवाच तशी आहे, तेव्हा करण्यासारखं काही नाही. या समजुतीमागे एक पक्कं मत उभं आहे, आणि ते शिकल्या-सवरल्या घरांतही तितकंच रुजलेलं आहे. मुंबईत राहायचं तर धूळ-धूर आलाच, इथल्या माणसाला त्याची सवय झालेली आहे. खोकला हा काही आजार नाही. छातीतला कचरा बाहेर टाकण्याची ती शरीराची सोय आहे. एक्स-रे क्लीअर आला की विषय संपला. सिरप, काढा, वाफ यांनी भागतं. पंपाच्या नादी लागू नये, तो एकदा लागला की सुटत नाही. फुप्फुसं खराब होतात ती विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची. आणि मेट्रो हवी, पुनर्विकास हवा, तर चार वर्षं धूळ सोसायलाच हवी. या मतातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे, आणि त्याची किंमत ज्यांना मोजावी लागते त्यांना ती फार उशिरा कळते.

आधी ‘शरीराची सोय’ हा दावा तपासू. आपण दिवसभरात दहा हजार लिटरच्या आसपास हवा आत घेतो. घशाखाली एक मुख्य श्वासनलिका दोन फांद्यांत फुटते, त्या पुन्हा दोन-दोन फांद्यांत, अशी विभागणी साधारण तेवीस वेळा होते आणि टोकाच्या नळ्या मिलिमीटरभराहूनही बारीक असतात. मोठ्या नळ्यांपासून बऱ्याच खोलवर आतून ओलं अस्तर असतं. त्या अस्तरातल्या पेशींवर अतिसूक्ष्म केस असतात, एकेका पेशीवर दोनशेच्या आसपास, आणि ते सेकंदाला दहा ते वीस वेळा एका लयीत वरच्या दिशेने हलतात. त्यांच्यावर श्लेष्म्याचा पातळ थर पसरलेला असतो. धूळ, काजळी, जंतू त्या थराला चिकटतात आणि थरासकट घशाकडे सरकवले जातात; आपण ते नकळत गिळून टाकतो. म्हणजे निरोगी माणसाची छाती न खोकताच साफ होत असते, झोपेतसुद्धा. खोकला ही त्यामागची राखीव फळी आहे. अन्नाचा कण भलत्या वाटेला गेला, सर्दी-तापात कफ फार झाला, की ती धावून येते आणि जीव वाचवते, एवढं मान्य. पण राखीव फळीला महिनोन्‌महिने रोज मैदानात उतरावं लागत असेल, तर मूळ व्यवस्था धड चालली आहे असं कोण म्हणेल? रोजचा खोकला हा सफाईचा पुरावा असूच शकत नाही. आत काहीतरी रोज बिघडतं आहे, याचा तो पुरावा आहे.

काय बिघडतं, तेही वैद्यकाला चांगलं माहीत आहे. धूर आणि बारीक धूळ वर्षानुवर्षं आत जात राहिली की अस्तरच बदलू लागतं. सूक्ष्म केसांच्या पेशी झडतात. श्लेष्मा बनवणाऱ्या पेशींची संख्या वाढते, त्यांच्याखालच्या ग्रंथी फुगतात. काही ठिकाणी त्या नाजूक अस्तराची जागा चपट्या, केस नसलेल्या पेशींचा थर घेतो. कफ वाढतो आणि तो वर नेणारी यंत्रणा मात्र आटत जाते. सुजलेल्या जागी रक्तातून पांढऱ्या पेशी जमतात. त्यांतल्या न्यूट्रोफिल पेशी इलास्टेज नावाचं विकर सोडतात. जंतूंशी लढण्यासाठीच ते असतं, पण नळ्यांच्या भिंतींना लवचीक ठेवणारे तंतूही ते कुरतडतं. शरीर ही झीज भरून काढतं कोलॅजनने, जुन्या जखमेच्या वणात असतो तशा ताठर पदार्थाने. भिंत जाड होते, आतला मार्ग अरुंद होतो, भोवतालचे स्नायू जाडावतात आणि थोड्याशा चिथावणीने आवळू लागतात. खोकल्याला जागं करणारे मज्जातंतूही हळवे होतात. मग उदबत्तीचा धूर, अत्तराचा वास, एसी डब्यातली थंड हवा, मनसोक्त हसणं, फोनवरचं पाच मिनिटांचं बोलणं, एवढ्यावर उबळ येते. आता एल.बी.एस. मार्गावर किंवा साकीनाक्याच्या चौकात वीस वर्षं काढलेला माणूस ‘मला आता धुराचं काही वाटत नाही’ असं म्हणतो, तेव्हा आपण नेमकं कशाचं कौतुक करतो? धूर निरुपद्रवी करून सोडणारी कोणतीही शक्ती त्याच्या छातीत तयार झालेली नसते. त्याची जाणीव बोथट झालेली असते आणि त्याच वेळी त्याच्या श्वासनलिकांच्या भिंती बदलत असू शकतात. इजा सुरू असताना वेदना न होणं याला आपण इतर कुठल्या अवयवाच्या बाबतीत सवय म्हणून गौरवत नाही.

यावर एक आक्षेप येतो : सूज आली तर सूज मोडेल, त्यात एवढं काय? सूज मोडते, हे खरं आहे, पण तिने मागे ठेवलेली बांधणी सहजी मोडत नाही. शिवाय नुसत्या आवळण्यानेही नळ्यांना इजा होते, हे २०११ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या एका प्रयोगाने दाखवलं. ब्रिटनमधल्या संशोधकांनी सौम्य दमा असलेल्या काही स्वयंसेवकांना श्वासनलिका आवळणारं मेथाकोलीन हुंगायला दिलं. त्यात ॲलर्जी उठवणारा घटक नव्हता. थोड्या दिवसांच्या अंतराने असं तीनदाच केलं आणि मग अस्तराचे तुकडे काढून तपासले. अस्तराखालचा कोलॅजनचा थर जाड झालेला होता. ज्यांना आधी नळ्या सैल ठेवणारं साल्ब्युटामॉल दिलं होतं, त्यांच्यात हा बदल झाला नाही. तीन वेळा नळ्या आवळल्या तर एवढं होतं. मग रोज रात्री छातीत शिट्टी वाजणाऱ्या, पहाटे उबळ येऊन उठून बसणाऱ्या मुलाला ‘वयाबरोबर जाईल’ म्हणून चार हिवाळे तसंच ठेवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? सूज, आवळणं आणि खोकला ही तिन्ही एकमेकांना वाढवत नेणारी प्रक्रिया आहे. ती जितकी लवकर तोडावी तितकं जास्त वाचतं. या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि ‘सगळ्यांनाच आहे’ हे वाक्य नेमकं तिच्याच आड येतं.

‘एक्स-रे क्लीअर आहे’ या दिलाशाबद्दल तर फारच गैरसमज आहे. छातीचा एक्स-रे न्यूमोनिया दाखवतो, क्षयाचा डाग दाखवतो, पाणी झालं असेल तर दाखवतो. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक नळ्यांची सूज तो दाखवत नाही. या बारीक नळ्या संख्येने इतक्या आहेत की निरोगी फुप्फुसात हवेला होणाऱ्या एकूण अडथळ्यात त्यांचा वाटा अगदी थोडा असतो. म्हणून त्यांतल्या पुष्कळशा निकामी झाल्या तरी माणसाला जिना चढताना धाप लागत नाही, स्टेथोस्कोपला काही ऐकू येत नाही, आणि साधी फुंकण्याची तपासणीसुद्धा सुरुवातीला ठीक येऊ शकते. श्वसनशास्त्रात या भागाला फुप्फुसाचा मुका प्रदेश म्हणतात. २०११ सालीच जेम्स हॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, सीओपीडी या श्वासमार्ग कायमचे अरुंद करणाऱ्या आजारात हवेच्या पिशव्या फुटून एम्फिसीमा दिसू लागण्याच्या आधीच टोकाच्या नळ्या अरुंद होतात आणि नाहीशाही होतात, असं दाखवून दिलं. म्हणजे धाप लागते तेव्हा आजार सुरू झालेला नसतो, तो बराच पुढे गेलेला असतो. वयाच्या पंचविशी-तिशीनंतर प्रत्येकाची एका सेकंदात हवा बाहेर फेकण्याची क्षमता वर्षाला पंचवीस-तीस मिलिलिटरने घटतेच. श्वासनलिका सतत सुजलेल्या असणाऱ्या माणसात ही घट याहून वेगाने होऊ शकते. चाळिशीत त्याला काही जाणवत नाही. साठीत पुलाचा जिना चढताना तो मध्येच कठडा धरून थांबतो आणि म्हणतो, वय झालं. स्पायरोमेट्रीने, म्हणजे फुंकण्याच्या त्याच तपासणीने, ही घट वेळेवर मोजता येते. आपण वर्षातून एकदा रक्तातली साखर पाहतो, रक्तदाब तर केव्हाही पाहतो. दोन वर्षं खोकणाऱ्या माणसाला मात्र एकदाही नळीत जोराने फुंकायला सांगितलेलं नसतं.

याहून गंभीर प्रकार ब्रॉन्किएक्टेसिसचा. फ्रेंच वैद्य लाएनेक यांनी १८१९ साली त्याचं वर्णन केलं, तरी आपल्याकडे हा शब्द रुग्णाला निदान होईपर्यंत ऐकूनही माहीत नसतो. यात श्वासनलिकांच्या भिंती इतक्या झिजतात की नळ्या कायमच्या सैल आणि रुंद होऊन बसतात. त्यांत कफ साचतो, साचलेल्या कफात जंतू वाढतात, जंतूंमुळे सूज येते, सुजेतल्या विकरांनी भिंत आणखी झिजते आणि कफ आणखी साचतो. रोज सकाळी वाटीभर बेडका पडणारा माणूस या चक्रात सापडलेला असू शकतो. भारतातल्या २,१९५ रुग्णांची नोंद करून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या आजाराचं सर्वांत मोठं कारण होतं जुना क्षय, ३५.५ टक्के रुग्णांत तेच आढळलं. मुंबईत या आकड्याचा अर्थ काय, हे वेगळं सांगायला नको. औषधं मिळायला लागल्यापासून या शहरातले कितीतरी क्षयरुग्ण कोर्स पूर्ण करून ‘बरे’ झाले. त्यांतल्या अनेकांचा खोकला गेला नाही. तो जात नाही म्हणून त्यांना पुन्हा क्षय झाला असं समजून घाबरवलं जातं, किंवा क्षय नाही असं कळल्यावर घरी पाठवलं जातं. त्या दोन्हींच्या मध्ये असलेल्या आजाराकडे कुणाचं लक्ष जात नाही. आणि ज्यांना अजून निदानच झालेलं नाही त्यांच्याबाबत नियम तर किती सोपा आहे : दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडक्याची तपासणी. सरकारी क्षयकार्यक्रम हे वर्षानुवर्षं भिंतींवर लिहून सांगतो आहे. ‘हवाच तशी आहे’ म्हणून जो माणूस ही तपासणी तीन महिने पुढे ढकलतो, तो स्वतःची नळी झिजवतोच, शिवाय विरार लोकलच्या भरल्या डब्यात आणि घरातल्या एका खोलीत इतरांनाही धोक्यात टाकतो.

आता पंपाविषयी. ‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य जितक्या आत्मविश्वासाने उच्चारलं जातं, तितक्याच प्रमाणात ते घातक आहे. इनहेलरच्या एका फवाऱ्यात साल्ब्युटामॉल असतं १०० मायक्रोग्रॅम. तेच औषध गोळीतून घेतलं तर एका गोळीत ४ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे चाळीसपट. फवारा थेट नळीत पडतो, गोळी साऱ्या शरीरातून फिरून येते. तरी घरोघरी गोळी आणि सिरप ‘साधं’ आणि पंप ‘शेवटचा उपाय’! दम्यात सूज आवरणारं औषध म्हणजे हुंगायचं स्टेरॉइड. ते सुटत नाही असं म्हणणारे, आजार सुटलेला नसतो हे विसरतात. चष्मा लावल्याने डोळ्यांना चष्म्याचं व्यसन लागलं, असं आपण म्हणत नाही. भारतातल्या नऊ केंद्रांमध्ये झालेल्या ‘ग्लोबल अस्थमा नेटवर्क’च्या अभ्यासात असं आढळलं की छातीत घरघर असलेल्यांपैकी ८२ टक्के लोकांना दम्याचं निदानच झालेलं नव्हतं, तीव्र दम्याची लक्षणं असलेल्यांतही ७० टक्क्यांना नव्हतं. घरघर असलेल्यांमध्ये रोज हुंगायचं स्टेरॉइड घेणाऱ्यांचं प्रमाण अडीच टक्क्यांहून कमी. या आकड्यांमागे गरिबी आहे, डॉक्टरांची घाई आहे, हे खरंच. पण ‘आमच्या मुलीच्या लग्नात अडचण येईल, पंप नको’ हेही आहे. सिरपवरचा आपला विश्वास किती आंधळा आहे ते २०२५ च्या ऑक्टोबरात दिसलं : छिंदवाडा जिल्ह्यातली लहान मुलं डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं खोकल्याचं औषध पिऊन मूत्रपिंडं निकामी होऊन गेली, त्यांतली कितीतरी नागपूरच्या रुग्णालयांत. ते भेसळीचं प्रकरण होतं, सगळी सिरपं विषारी नसतात. पण चांगलं सिरपसुद्धा बारीक नळ्यांची सूज उतरवत नाही. खोकला थोडा वेळ गप्प करतं. काढ्याने, मधाने घसा निवतो, आणि एक वर्षावरच्या मुलाला सर्दीच्या खोकल्यात मध द्यायला काहीच हरकत नाही. हरकत आहे ती तेवढ्यावर सहा महिने काढण्याला.

‘हे सिगारेटवाल्यांचं दुखणं’ ही समजूत स्त्रियांना सर्वांत महाग पडते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं की जगातल्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी आयुष्यात कधी सिगारेट ओढलेली नसते. चुलीचा धूर, कारखान्यातली आणि बांधकामावरची धूळ, रस्त्यावरचा धूर, जुना क्षय, लहानपणचा न सुधारलेला दमा ही त्यांची कारणं. दारं-खिडक्या लावून घरात बसणाऱ्यांनाही सुटका नाही : डास पळवणारी एक कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके सूक्ष्म कण सोडते, असं मोजमाप २००३ सालीच प्रसिद्ध झालं आहे. चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीत ती रात्रभर उशाशी जळते. घाटकोपर-मुलुंडच्या इमारतींत डक्टमध्ये आणि एसीच्या मागे साचणारी कबुतरांची विष्ठा हा वेगळा प्रकार. तिच्यामुळे होणारा हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस मुख्यतः हवेच्या पिशव्या आणि त्यांना भिडलेल्या बारीक नळ्यांचा आजार आहे, पण त्याचीही सुरुवात कोरड्या खोकल्यानेच होते. २०२५ मध्ये कबुतरखाने बंद करण्यावरून मुंबईत केवढं रण माजलं. त्या गदारोळात फुप्फुसांविषयी फार थोडे लोक बोलत होते. आणि ज्या बाईला खोकताना लघवी सुटते म्हणून ती लग्नकार्याला जाणं बंद करते, तिच्याविषयी तर कुणीच बोलत नाही. खोकला ‘साधा’ असल्याचा निवाडा करणाऱ्यांनी तिला विचारलं आहे का?

मग येतो समुद्र. मुंबई म्हणजे दिल्ली नव्हे, समुद्राचा वारा सगळं वाहून नेतो, असं आपण ऐकत आलो. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात ते बरंचसं खरं आहे. हिवाळ्यात रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे आणि मंद वाहतो, थंड हवा खाली दबून राहते आणि धूळ-धूर वस्तीवरच साचतो. ३० डिसेंबर २०२४ रोजी महापालिकेला बोरिवली पूर्व आणि भायखळा या भागांतली बांधकामं थांबवण्याचा आदेश द्यावा लागला, कारण तिथला हवा निर्देशांक २०० च्या वर गेला होता. राष्ट्रीय उद्यान ज्याच्या कुशीत आहे त्या बोरिवलीत ही वेळ आली. २०१६ च्या जानेवारीत देवनारचा कचरा पेटला तेव्हा आसपासच्या पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आणि निर्देशांकावरच्या शब्दांवरही विसंबू नये. त्यात ‘समाधानकारक’ या रकान्यात २.५ मायक्रॉनच्या कणांचं प्रमाण दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची चोवीस तासांची मर्यादा आहे १५. चौपट असूनही समाधानकारक! दिल्लीशी तुलना करून आपण बरे ठरतो, पण श्वासनलिकेचं अस्तर दिल्लीशी तुलना करत नाही. या शहरात हे कुणी मोजलंच नव्हतं, असंही नाही. केईएम रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या निरनिराळ्या वस्त्यांमधली हवा आणि तिथल्या लोकांचा खोकला-दम यांचा संबंध तपासून १९८० सालीच मांडला होता. चाळीस वर्षांहून जास्त काळ ही माहिती आपल्या हाताशी आहे.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेते : प्रत्येक खोकल्याला आजार म्हटलं तर लोक घाबरतील, नाहक तपासण्या आणि ॲन्टिबायोटिक वाढतील. बरोबर. सर्दी-तापानंतरचा खोकला सरासरी अठरा दिवस टिकतो, लोकांना मात्र तो आठवड्याभरात जावा असं वाटतं. या घाईपायी गरज नसलेली ॲन्टिबायोटिक पोटात जातात. शिवाय रेंगाळणारा खोकला दर वेळी श्वासनलिकांचाच नसतो. नाकामागून घशात उतरणारा स्राव, वर येणारं आम्ल, रक्तदाबाच्या रॅमिप्रिल-एनालाप्रिल गटातल्या गोळ्या, यांनीही खोकला येतो आणि कारण दूर केलं की तो जातो. पण यातून निष्कर्ष काय निघतो? धीर धरावा, मात्र तारीख लक्षात ठेवून. दोन आठवडे झाले की बेडका तपासावा. आठ आठवडे, लहान मुलाला चार आठवडे झाले की कारण शोधायलाच हवं. वजन घटणं, रात्री घाम, रक्त पडणं, धाप असेल तर तेवढंही थांबू नये. कारण शोधण्याची मागणी म्हणजे घबराट, असं ज्यांना वाटतं, ते कारण न शोधता दर महिन्याला एक ॲन्टिबायोटिक घेणाऱ्यांना कधी थांबवताना दिसत नाहीत.

उरतो विकासाचा मुद्दा, आणि तोच सर्वांत निर्दय आहे. धूळ ही विकासाची अपरिहार्य किंमत आहे असं म्हणणारा माणूस ती किंमत सहसा स्वतः देत नसतो. ती देतो सिमेंटच्या गोण्या फोडणारा मजूर, अंधेरी-कुर्ला रस्त्यावर बारा तास रिक्षा चालवणारा, चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस, अर्धवट पाडलेल्या इमारतीशेजारच्या तळमजल्यावर राहणारं कुटुंब. आणि अपरिहार्य तरी कशी? ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने काढलेल्या सूचनांमध्ये बांधकामाभोवती उंच पत्रे, मोठ्या इमारतींना पस्तीस फुटांपर्यंत, पाण्याचे फवारे, राडारोडा झाकून नेणं, हे सगळं आहे. पुनर्विकास थांबवा असं त्यांत कुठेही नाही. झाकून करा एवढंच आहे. ते न करण्याने वाचतो तो पैसा, आणि तो वाचवणारा व खोकणारा ही माणसं वेगळी आहेत. हवा सुधारता येते याचा अनुभव याच शहराला आहे : १९९९ साली धुराने त्रासलेल्या रहिवाशांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने लक्ष घातलं आणि पुढच्या काही वर्षांत मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. ‘सवय करून घ्या’ असं त्या रहिवाशांनाही सांगता आलं असतं. त्याआधी, १९१२ साली, ब्रिटिश अमलातल्या मुंबईनेसुद्धा गिरण्यांच्या धुराविरुद्ध कायदा केला होता. आपण त्याहून कमी मागायचं?

दक्षिण कॅलिफोर्नियात शास्त्रज्ञांनी दहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत मुलांची फुप्फुसं दर वर्षी मोजली. २००४ साली निकाल आला : सर्वांत दूषित गावांतल्या ७.९ टक्के मुलांची श्वासक्षमता अपेक्षेच्या ऐंशी टक्क्यांच्याही खाली राहिली होती, सर्वांत स्वच्छ गावांत १.६ टक्के मुलांची. मग तिथे वाहनांचे आणि कारखान्यांचे नियम कडक झाले, हवा सुधारली, आणि २०१५ साली आलेल्या पुढच्या निष्कर्षांत पंधराव्या वर्षी अशी मागे पडलेली मुलं ७.९ वरून ३.६ टक्क्यांवर उतरली होती. गावं तीच राहिली. बदलली ती हवा. धुराची सवय होत असती तर दूषित गावांतल्या मुलांची फुप्फुसं मागे पडलीच नसती, आणि हवा सुधारल्यावर पुढच्या पिढीची वाढलीही नसती. मुलुंड किंवा बोरिवलीच्या शाळेत पाचवीत बसलेल्या, हिवाळाभर खोकणाऱ्या मुलाची फुप्फुसं वाढायला अजून दहा-बारा वर्षंच आहेत. विसाव्या-पंचविसाव्या वर्षी जी क्षमता तयार होईल त्यावर त्याला पुढचं सगळं आयुष्य काढायचं आहे. म्हणून त्याच्या खोकल्याचं कारण या महिन्यात शोधलं गेलं पाहिजे, त्याचा श्वास मोजला गेला पाहिजे, पंप लागत असेल तर तो त्याच्या दप्तरात उघडपणे असला पाहिजे, आणि शाळेशेजारच्या बांधकामावर पत्रे व फवारे लागेपर्यंत काम बंद राहिलं पाहिजे. त्या टॉवरचा ताबा सहा महिने उशिरा देता येतो.